चित्रं खाली घ्या

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या सामुदायिक कलादालनात स्थानिक चित्रकारांची नवी कामं मांडली आहेत, ही बातमी आपण पहिल्या पानावर दिलीत. बरं वाटलं. सोबतच्या छायाचित्रात पाच पाहुणे ओळीने उभे आहेत आणि पाचांचीही पाठ चित्रांकडे आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही, फोटोसाठी तसंच उभं राहावं लागतं. पण नीट पाहिलंत तर मागची चित्रं पाहुण्यांच्या डोक्याच्याही वर टांगलेली दिसतील. हे पत्र त्यासाठी लिहितोय.

मी 31 वर्षं फ्रेमा बनवतो. चित्रातलं फार कळतं असा दावा नाही, चित्राची पाठ मात्र चांगली ओळखतो. या प्रदर्शनातल्या सात फ्रेमा माझ्या हातच्या आहेत, तेव्हा मी त्रयस्थ नाही हेही आधीच सांगून टाकतो.

त्या सातही चित्रांचे चित्रकार म्हणजे एक निवृत्त बसचालक. आयुष्यभर समोरच्या आरशात जे दिसलं ते त्यांनी जलरंगात उतरवलंय: खिडकीला टेकून झोपलेला माणूस, दांड्याला धरलेले चार वेगवेगळे हात, शेवटच्या बाकावर एकटंच राहिलेलं दप्तर. चित्रांचा आकारही आरशासारखाच, जेमतेम 8 सेंटिमीटर उंच आणि 30 लांब. फ्रेम करायला आणली तेव्हा मी भिंग लावून पाहत बसलो होतो. झोपलेल्या माणसाच्या मुठीत तिकीट आहे, नखाएवढं.

ही चित्रं आता जमिनीपासून 2 मीटरवर लागली आहेत. खाली उभं राहून मान वर केली की काचेत दिवा दिसतो, चित्र नाही. परवा मी गेलो तेव्हा वडिलांच्या खांद्यावर बसलेली एक मुलगी ती पाहत होती. अख्ख्या दालनात त्या चित्रांच्या समोर असलेली ती एकटीच.

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 145 ते 150 सेंटिमीटरवर यावा, असा आमच्या कामातला सरधोपट हिशोब. उभ्या माणसाची नजर जवळपास तिथे पोचते. पूर्वी मोठ्या दालनांत छतापर्यंत चित्रं लावत, पण वरची चित्रं थोडी पुढे झुकवून लावायची रीत होती. आपल्याकडे उंची तेवढी घेतली आणि झुकवायचं राहून गेलं.

चित्रकारांनी यावरून भांडणंही केली आहेत. 1784 साली लंडनच्या रॉयल अकादमीत टॉमस गेन्सबरोने तीन राजकन्यांचं चित्र पाठवलं आणि ते साडेपाच फुटांच्या वर लावू नका, असं कळवलं. इतक्या हळुवार उजेडात रंगवलेलं चित्र वर गेलं की हरवेल, असं त्याचं म्हणणं. अकादमी नियम मोडेना. त्याने सगळी चित्रं परत मागवली आणि त्यानंतर तिथे कधीच प्रदर्शन केलं नाही. आमचे बसचालक असं काही करणार नाहीत. ‘लागलं हेच खूप झालं’, म्हणाले. मला त्याचाच जास्त त्रास होतो.

दालनाची बाजूही ऐकून घेतली. संध्याकाळी तिथे वर्ग भरतात, भिंतीला खुर्च्या लावतात, चित्रं खाली असली की डोकी घासतात. खरं आहे. पण खुर्च्या एकाच भिंतीला लागतात आणि ही चित्रं समोरच्या भिंतीवर आहेत.

खरी अडचण वेळेची असावी. 46 कामं आणि ती लावायला एक संध्याकाळ, तीही ज्याला जसं जमेल तसं. मग कोळशाच्या रेखाटनावर अ‍ॅक्रिलिकचा पत्रा येतो. त्याला स्थिर वीज धरते आणि कोळशाची पूड ती ओढून घेते, म्हणून तिथे काचच हवी. मग जलरंगांवर झगझगीत दिवे येतात. संग्रहालयं कागदावरच्या कामांना साधारण 50 लक्सच (लक्स हे उजेडाचं माप) उजेड देतात, कारण उजेडाने उडालेला रंग परत येत नाही. पुढच्या वेळी मांडणीला एक पूर्ण दिवस द्या आणि कुठलं काम कुठे लागेल हे ठरवायचा अधिकार एकाच माणसाला द्या, एवढंच मागणं आहे. तो माणूस मीच असावा असं नाही.

चिठ्ठ्यांचंही थोडं बघा. सगळ्यांवर फक्त नाव. एका लिनोकटच्या, म्हणजे लिनोलियम कोरून घेतलेल्या छापाच्या खाली पेन्सिलीने 3/12 लिहिलंय. म्हणजे बारा छापांतला हा तिसरा. माझ्यासमोर एका बाईंनी विचारलं, ‘बाकीची अकरा चित्रं कुठल्या खोलीत आहेत?’ हसू नका, त्यांचं काय चुकलं? माध्यम, आकार, साल आणि छापाचित्र असेल तर त्या आकड्याचा अर्थ, दोन ओळींत मावतं.

प्रदर्शन अजून नऊ दिवस आहे. त्या सात फ्रेमा हातभर खाली घ्यायला मला पाऊण तास पुरे. उघडायच्या आधी, सकाळी येतो. खिळे, लेव्हल आणि शिडी माझीच आणेन. शिडी फक्त काढताना लागेल, लावताना नाही.

आपला,
एक फ्रेमवाला