पनीरचं पाणी रोज मुठेत जातंय, साहेब

मा. दुग्धव्यवसाय विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

पुण्यातल्या धायरीत माझं छोटं युनिट आहे, पनीर आणि चक्का. रोज ३०० लिटर म्हशीचं दूध येतं, आणि पनीर-चक्का काढून झाला की २०० लिटरच्या वर निवळी उरते, आमच्यात कुणी निवळी म्हणत नाही, पनीरचं पाणी म्हणतात. आणि पाणीच म्हटल्यावर ते जाणार कुठं, गटारात, गटारातनं ओढ्यात, ओढ्यातनं मुठेत.

मला पण वाटायचं पाणीच आहे, काय फरक पडतो. मग पुतण्यानं बीओडी समजावला, म्हणजे घाण कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खाते त्याचं माप. घरच्या सांडपाण्याचा लिटरला २००-३०० मिलिग्रॅम असतो, निवळीचा ३० हजारांच्या पुढे. हिशोब करून बघितला तर माझं एकट्याचं रोजचं पाणी नदीला वीस-पंचवीस हजार लिटर मैलापाण्याइतकं जड पडतं. आणि धायरी-नऱ्हे पट्ट्यात मी काय एकटा नाही.

आता एक खरं सांगतो, कारण हल्ली प्रत्येक भाषणात कुणीतरी उठून म्हणतं की या पाण्यातनं जिमवाल्यांची प्रोटीन पावडर बनवा आणि लखपती व्हा. नाही बनत साहेब. पनीरला दूध ९० डिग्रीच्या आसपास तापवतो, तेव्हा ते व्हे प्रोटीन, म्हणजे निवळीतलं प्रोटीन, बरंचसं पनीरलाच चिकटून बसतं, पाण्यात उरते मुख्यतः दुधातली साखर, पाचेक टक्के, आणि थोडे क्षार. पावडरवालं पाणी चीजचं, तिथं दूध एवढं तापवत नाहीत, आणि वर मशीन कोटींच्या घरातलं. त्यामुळं आम्हाला ते स्वप्न दाखवू नका प्लीज.

पण म्हणून हे पाणी टाकाऊ नाही. आमच्या घरी कणीक यातच मळतात, पोळ्या दुसऱ्या दिवशी पण मऊ राहतात. आई तर दोडक्याच्या शिरांची चटणी आणि तुपाच्या बेरीच्या वड्या करणारी बाई, तिनं असलं पाणी कधी ओतूनच दिलं नसतं. शेजारच्या गल्लीतला बेकरीवाला पावाच्या पिठात वापरतो, आंबलेलं पाणी मी दुसऱ्या दिवशी दूध फाडायला वापरतो, सायट्रिक ॲसिड वाचतं. जिरं, मीठ, पुदिना घालून थंड केलं तर ताकासारखं लागतं, कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेनं तर याची पेयं बनवायच्या पद्धती कधीच्या बसवल्यात.

मग अडतं कुठं? वेळेवर. पाणी निघतं ते गरम, चार-पाच तासांत आंबायला लागतं. ४ डिग्रीला आणलं तरच टिकतं, आणि माझा चिलर दुधानंच भरलेला असतो, दूध बाहेर ठेवून पाणी कोण आत ठेवेल. बेकरीवाला नेतो ते २० लिटर, बाकीचं पुढच्या घाण्याआधी बाहेर काढावंच लागतं.

दुसरं, कागद. पेय बाटलीत भरून विकावं म्हणून एका ऑफिसात विचारायला गेलो तर समोरचे साहेब म्हणाले तुमचं लायसन्स पनीरचं आहे, सांडपाणी विकायला परवानगी कशी देणार. सांडपाणी! दोन तासांपूर्वी तेच दूध होतं.

लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत मशीनला ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अशी सबसिडी आली, कॉमन फॅसिलिटीची पण सोय होती. पण कॉमन फॅसिलिटीला गट लागायचा, आणि पहाटे तीनला उठणारे आम्ही पनीरवाले, एकाच गिऱ्हाइकासाठी भांडणारे, एकमेकांचं तोंड पण बघत नाही. चूक आमची आहे, मान्य. म्हणून म्हणतो सुरुवात तुमच्या खात्यानं करून द्या, आमच्या पट्ट्यात एक सामायिक चिलिंग टँक, एक लहान पाश्चरायझर, सकाळी फिरणारा एक टेम्पो. लिटरला रुपया मिळाला तरी आम्ही आणून देऊ, आणि एक साधं परिपत्रक काढा की निवळी हा अन्नपदार्थ आहे आणि लायसन्सवर तिचं नाव कसं लिहायचं.

एकदा युनिटवर या, पहाटे साडेपाचला, पनीरवर वजन ठेवतो त्या वेळेला. जिरं-मीठ घालून ग्लास देतो. आंबट लागलं तर समजा उशिरा आलात.

आपला,
धायरीचा एक पनीरवाला