मोडकी स्टिक आणि खडकीचे मैदान

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिन म्हणून 29 ऑगस्टला राष्ट्रीय क्रीडा दिन साजरा होतो आणि त्या सुमारास वृत्तपत्रांच्या क्रीडा पानांवर धनराज पिल्ले यांची एक गोष्ट हमखास वाचायला मिळते. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत भावंडांबरोबर मोडक्या स्टिका दोरीने आणि डिंकाने जोडून खेळणारा मुलगा पुढे भारताच्या हॉकी संघाचा कर्णधार झाला, ही ती गोष्ट. ती खरी आहे आणि सोलापुरात क्रीडाशिक्षक म्हणून नोकरी करताना मीही ती वर्षानुवर्षे मुलांना सांगितली. तथापि आता मागे वळून पाहता असे वाटते की मी त्यांना अर्धीच गोष्ट सांगत होतो, आणि छापूनही अर्धीच येते.

उरलेली अर्धी गोष्ट अशी. धनराज यांचे वडील मैदानाची देखभाल करत, म्हणजे मैदान घराच्या अंगणासारखेच होते. थोरले बंधू रमेश मुंबईत लीग हॉकी खेळत होते आणि भारताकडूनही खेळले होते. धाकटा भाऊ धनराज ऐंशीच्या दशकाच्या मध्याला त्यांच्याकडे गेला. पुढे महिंद्र कंपनीच्या संघात त्याला जागा मिळाली व तेथे जोकिम कार्व्हालो यांच्यासारख्या ऑलिंपिकपटूचे मार्गदर्शन लाभले. मैदान, वाट दाखवणारे घरचे माणूस आणि खेळासाठी दरमहा पगार देणारी कंपनी, या तिन्ही गोष्टी वेळेवर जुळून आल्या. त्या वजा केल्या तर हातात फक्त मोडकी स्टिक उरते, आणि मोडक्या स्टिका सोलापुरात मी पुष्कळ पाहिल्या आहेत. पूर्व भागातल्या माझ्या एका विद्यार्थ्याने तडा गेलेल्या स्टिकला घरच्या यंत्रमागावरचे सूत इतके घट्ट आणि एकसारखे गुंडाळले होते की चादरीची किनार वाटावी. घरी तेलुगू, मैदानावर मराठी बोलणारा हा मुलगा चेंडू घेऊन सुटला की मागे वळून पाहत नसे. (पिल्ले यांचे घर तमिळ, पण मराठी अस्खलित, हे त्याला फार आवडे.) दहावीनंतर तो मागावर बसला. त्याची जिद्द कमी पडली असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पिल्ले यांच्या पुढच्या वाटचालीबद्दलही हेच म्हणता येईल. 1989 ते 2004 अशी पंधरा वर्षे ते भारताकडून खेळले; चार ऑलिंपिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई स्पर्धा त्यांच्या नावावर आहेत. 1998 मध्ये बँकॉकला त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने दक्षिण कोरियाला पेनल्टी स्ट्रोक्सवर हरवून 32 वर्षांनी आशियाई सुवर्णपदक परत आणले, आणि त्यानंतर लगेच, सत्कारांची फुले वाळायच्या आत म्हणा ना, त्यांना व काही सहकाऱ्यांना संघातून वगळण्यात आले. खेळाडूंच्या भत्त्यांबद्दल ते उघडपणे बोलत, हे तेव्हाचे वाचक विसरले नसतील. ते परत आले. 2000 साली सिडनी ऑलिंपिकमध्ये भारत पोलंडविरुद्ध आघाडीवर असताना अखेरच्या दोनेक मिनिटांत पोलंडचा गोल झाला, सामना 1-1 असा बरोबरीत सुटला आणि उपांत्य फेरी हुकली. 2003 मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली क्वालालंपूरला आशिया चषक मिळाला. चार ऑलिंपिक खेळून एकही ऑलिंपिक पदक नाही, तरीही त्यांना पाहायला लोक गर्दी करत. ही कारकीर्द मुलांना तिच्या अपयशांसकट सांगितली पाहिजे.

आता मैदानाविषयी, कारण खरी अडचण तेथे आहे. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून वरच्या पातळीवरचे हॉकी टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, खेळले जाते. आमची मुले मुरमावर शिकली. मुरमावर चेंडू केव्हा उसळेल याचा नेम नसतो, म्हणून मूल नकळत स्टिक उभी धरायला आणि अंग सावरून उभे राहायला शिकते. पाणी मारलेल्या टर्फवर चेंडू जमिनीला चिकटून सरसर येतो. तेथे कमरेत वाकून स्टिक जवळजवळ आडवी टाकावी लागते. मी पहिल्यांदा पुण्याला टर्फवर संघ नेला तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत आमच्या बचावपटूंच्या स्टिकखालून चार चेंडू निघून गेले. गोलरक्षक माझ्याकडे पाहत होता आणि मी बुटांकडे. त्या मुलांना हॉकी येत नव्हते असे नाही. त्यांना शिकवलेला खेळ वेगळ्याच जमिनीवरचा होता.

शेजारच्या सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत, म्हणजे खेळाडू घडवणाऱ्या सरकारी निवासी संस्थेत, गेली आणि भारतीय महिला संघात पोहोचली. लहान वयात टर्फ, आहार आणि प्रशिक्षक एकाच ठिकाणी मिळाले की गावातली मुलगी कुठवर जाते, हे त्यातून दिसते. आपल्या पार्क मैदानाचे रूप पालटले व तेथे रणजी सामनाही झाला, याचा मला आनंदच आहे; हॉकी खेळणाऱ्या मुलांना मात्र आठवड्यातून दोन दिवस तरी टर्फवर सराव मिळेल अशी सोय जिल्ह्याच्या क्रीडा नियोजनात प्राधान्याने यावी, आणि शहरातल्या सूतगिरण्या, बँका व कारखान्यांनी दोन-चार खेळाडूंना नोकरी देण्याचा विचार करावा.

आपल्याकडे एक विनंती आहे. येत्या क्रीडा दिनी पिल्ले यांच्या मोडक्या स्टिकेची गोष्ट जरूर छापावी. त्याच पानावर दहावी झालेल्या हॉकीपटूने सोलापुरातून पुढे कोठे जावे, निवड चाचण्या केव्हा असतात आणि अर्ज कोणाकडे करायचा, एवढी चौकट द्यावी. माझे विद्यार्थी अजूनही फोन करून हेच विचारतात. आता त्यांच्या मुलांसाठी विचारतात.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सोलापूर