माटोळीतल्या कळलावीपुढे ‘विषारी’ असेही लिहा

महोदय,

चतुर्थी तोंडावर आली की गोव्यात फोंडा, म्हापसा, डिचोलीच्या बाजारांत माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचे, सामान येते. तोरिंजन, चिबूड, सुपारीची शिपटी आणि त्यांतच कळलावीची लाल-पिवळी फुले. गेल्या चतुर्थीला आमच्या वाड्यावर एकाने माटोळीतल्या प्रत्येक जिनसाखाली नावाची चिठ्ठी लावली होती. उपक्रम झकास. पण कळलावीपुढे एकच शब्द होता : ‘औषधी’.

औषधी खरीच. तिच्यातल्या कोल्चिसिन या द्रव्यापासून गाऊटवरच्या (सांधे सुजून दुखण्याच्या आजारावरच्या) गोळ्या होतात, आणि त्यासाठी तामिळनाडूत तिची शेती होते. मात्र हेच द्रव्य पेशींचे विभाजन रोखते. एका पेशीच्या दोन होताना गुणसूत्रे दोन टोकांना ओढणारे धागे तयार व्हावे लागतात. कोल्चिसिन त्या धाग्यांच्या प्रथिनाला चिकटते आणि धागे जुळतच नाहीत. गुणसूत्रे दुप्पट होऊन जागीच अडकतात. वनस्पतींमध्ये याचा फायदाही करून घेतात. १९३७ पासून दुप्पट गुणसूत्रांची रोपे अशी तयार केली जातात, आणि बिनबियांच्या कलिंगडाची सुरुवातही तिथूनच होते.

माणसाच्या पोटात ते गेले तर फटका आधी बसतो तो सतत विभागणाऱ्या पेशींना. आतड्याचे अस्तर जाते, म्हणून काही तासांत उलट्या-जुलाब. पुढच्या दिवसांत अस्थिमज्जा रक्तपेशी बनवणे थांबवते. वाचलेल्याचे केस आठवड्या-दोन आठवड्यांनी गळतात. यावर हमखास उतारा नाही. विष झाडभर असते, कंदात आणि बियांत जास्त. कंद कणग्यांसारखा, म्हणजे आपण उकडून खातो त्या कंदांसारखा, दिसतो, ही त्यातली वाईट गोष्ट.

फुले टांगायला माझी हरकत नाही. कळलावीवाचून माटोळी मला तरी ओकीबोकी वाटते. पण माटोळी स्पर्धांच्या आयोजकांनी नावाच्या चिठ्ठीवर ‘विषारी’ हा शब्द सक्तीचा करावा आणि त्याला गुण ठेवावेत. विसर्जनानंतर ती फुले गुरे तोंड घालतील अशा ढिगावर टाकू नयेत. रानातून आणणाऱ्यांनी फूल तोडावे, कंद उपटू नये. पुढच्या पावसात वेल त्यातूनच फुटते. आणि कोणी चुकून खाल्लेच तर उलट्या थांबल्या म्हणून घरी बसू नका, थेट गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ) गाठा. जाताना झाडाचा तुकडा पिशवीत घालून न्या, डॉक्टरांना ओळख पटायला सोपे जाते.

– एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, डिचोली