पावसाआधी गच्ची, पावसात तालीम, पावसानंतर तंबू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांना नाटकात घालायचं आहे, स्काउटला पाठवायचं आहे, दिवाळीत कुठंतरी न्यायचं आहे आणि घराची गळतीही काढायची आहे, पण वर्ष पुरत नाही, ही तक्रार कोल्हापुरात दर जूनला कानावर येते. आम्ही काही पालक या चारही कामांत आहोत. कुणी बालनाट्याचं नेपथ्य करतं, कुणी स्काउट पथक चालवतं, कुणी घरची डागडुजी स्वतः करतं. आमच्या मते कामं फार होतात म्हणून वर्ष अपुरं पडत नाही. ती भलत्या महिन्यात काढली जातात म्हणून पडतं. आपल्याकडे वर्ष पाऊस ठरवतो. शाळेच्या वेळापत्रकावर वर्ष मांडलं की प्रत्येक काम दोनदा करावं लागतं.

सुरुवात गच्चीपासून करू, कारण तिथं चुकलं की पुढचं सगळं बिनसतं. हे काम होळीनंतर लगेच काढावं. मेच्या शेवटी काढलं की अर्ध्या कामात वळीव गाठतो, आणि ओल्या पृष्ठभागावर मारलेला वॉटरप्रूफिंगचा थर पहिल्या उन्हात फुगून फोड येतात. गळती शोधतानाही एक चूक हमखास होते. खोलीच्या छतावर जिथं ओल दिसते, त्याच्या बरोबर वर गच्चीत भेग शोधली जाते. पाणी बहुतेक वेळा शिरतं ते कठडा आणि गच्ची मिळते त्या कोपऱ्यातून, नाहीतर पाण्याच्या पाइपच्या तोंडाशी. तिथून ते स्लॅबमधून आडवं सरकतं आणि भलतीकडेच टपकतं. म्हणून आधी चारी कोपरे आणि पाइपचं तोंड तपासावं.

भेग नुसती वरून लिंपली तर एक पावसाळाही टिकत नाही. छिन्नीनं ती साधारण 8 ते 10 मिलिमीटर रुंद आणि तेवढीच खोल उघडायची, ब्रशनं धूळ झाडायची, पाणी शिंपडायचं आणि 1 भाग सिमेंट, 3 भाग चाळलेली वाळू व डब्यावर दिलेल्या मापानं पॉलिमर (सिमेंटमध्ये मिसळायचं वॉटरप्रूफिंगचं द्रावण) असा माल दाबून भरायचा. कठड्याच्या कोपऱ्यात काटकोन ठेवायचा नाही, त्याच मालाची गोलाई काढायची. काटकोनात थर पातळ बसतो आणि तिथंच फाटतो. सात दिवस पाणी मारावं, मग पूर्ण वाळू द्यावं. त्यावर थराचे दोन हात, पहिला लांबीच्या दिशेनं, दुसरा रुंदीच्या दिशेनं, आणि कठड्यावर एक फूट वरपर्यंत. हे काम ऊन कलल्यावर करावं. भर दुपारी तापलेल्या गच्चीवर पाणी लगेच उडून जातं, थर पकडण्याआधीच सुकतो आणि पापुद्रे निघतात. थर पुरता मुरला की पाइपचं तोंड चिंधीनं बंद करून इंचभर पाणी 48 तास साठवावं आणि खाली जाऊन छत पाहावं. स्लॅबच्या सळया उघड्या पडलेल्या असतील तर मात्र पाणी साठवू नका. आधी जाणकार माणसाला दाखवा.

कौलारू घरांना हा खटाटोप नाही, पण कौलं परतताना पाय कौलाच्या मध्यावर पडता कामा नये. खाली रीप (कौलांना आधार देणारी लाकडी पट्टी) असते त्या ओळीवरच पाय ठेवायचा. शिडी 12 फूट उंचीवर टेकणार असेल तर तिचा पाय भिंतीपासून 3 फूट हवा. जवळ लावली तर माणूस मागं कलंडतो, लांब लावली तर पाय सरकतो. मुलांनी खाली शिडी धरावी, कौलं हातोहात द्यावीत, वर चढू नये.

भिंतींच्या रंगाबद्दल जरा स्पष्टच लिहितो. गणपतीच्या तोंडावर घर रंगवायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि नेमक्या त्याच महिन्यात भिंतीत सर्वांत जास्त ओल असते. दिवाळीपर्यंत पापुद्रे सुटतात आणि दोष रंगाला दिला जातो. फूटभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला लावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहा. आतून बारीक थेंब धरले असतील तर ती भिंत अजून पाणी सोडते आहे. गणपतीला घर झाडून, जाळ्या काढून, फार तर एकाच कोरड्या भिंतीला रंग द्यावा. बाकीचा रंग ऑक्टोबरच्या उन्हात.

आता नाटक. पावसाचे चार महिने तालमीचे. मैदान बंद, सहली बंद, संध्याकाळी मुलं घरात. संहितेचं वाचन, पाठांतर आणि हालचाली बसवायला याहून बरा काळ नाही. नेपथ्याचं काम मात्र दोन तुकड्यांत करावं: लाकडी चौकटी श्रावण-भाद्रपदात, कापड आणि रंग दसऱ्यानंतर. पावसात ताणलेलं आणि रंगवलेलं कापड दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि तसेच एकावर एक रचून ठेवलेले फ्लॅट, म्हणजे चौकटीवर कापड ताणून केलेल्या नेपथ्याच्या भिंती, बुरशी धरतात.

8 फूट उंच, 4 फूट रुंद फ्लॅट घेऊ. 2 इंच बाय 1 इंच पट्टी. वरची आणि खालची आडवी पट्टी पूर्ण 4 फुटांची. उभ्या दोन पट्ट्या 7 फूट 8 इंचांच्या, या दोन आडव्यांच्या मध्ये बसणाऱ्या. मधली आडवी 3 फूट 8 इंचांची. कोपऱ्यांना तिरक्या दोन-दोन फुटांच्या दोन पट्ट्या, दोन्ही एकाच उभ्या बाजूला. एका फ्लॅटला साधारण 31 फूट लाकूड लागतं. खालची आडवी पट्टी पूर्ण रुंदीची ठेवायचं कारण असं: फ्लॅट रंगमंचावर सरकवताना ती सपाट घसरते. उलट केलं तर उभ्या पट्टीचं टोक जमिनीवर घासतं आणि चिरत जातं. तिरक्या पट्ट्या नसल्या तर चौकट पतंगासारखी एका बाजूला झुकते. सांध्यांवर मागून 6 मिलिमीटर प्लायचे त्रिकोण लावावेत, पण काठापासून इंचभर आत. काठाला भिडवले तर दोन फ्लॅट कोनात जोडताना फट राहते. खिळ्यांऐवजी स्क्रू वापरावेत, म्हणजे पुढच्या वर्षी हीच चौकट उघडून दुसऱ्या मापाची करता येते.

कापड मांजरपाटच बरं. दुकानात आधी पन्हा मोजा आणि त्यावरून फ्लॅटची रुंदी ठरवा. मध्ये शिवण आली तर प्रकाशात तिची रेघ उठते. कापड लांब बाजूच्या मध्यापासून ठोकायला घ्यावं आणि समोरासमोर करत टोकांकडे जावं. इथं उत्साहात ते ढोलाच्या पानासारखं ताणलं जातं. तसं करू नका. खळ दिली की मांजरपाट आटतं, आणि आधीच ताणलेलं असेल तर आटताना चौकट वाकवतं. तळहात ठेवला तर मध्यावर थोडं दबेल इतकं सैल ठेवावं. खळ वाळल्यावर ते आपोआप टणक होतं.

उभा करताना प्रत्येक फ्लॅटच्या मागं साडेपाच फुटांवर तिरका टेका, त्याचा पाय तीन फूट मागं, आणि पायावर 10 किलो वाळूची पिशवी. दार असलेल्या फ्लॅटला दोन टेके. पात्रानं दार ओढल्यावर सगळं घर हलतं ते दुसरा टेका नसल्यानं, आणि प्रेक्षक पुढची दोन वाक्यं ऐकत नाहीत.

आगीबद्दल लिहिल्याशिवाय नेपथ्याची गोष्ट कोल्हापुरात पुरी होऊ शकत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी 1915 साली उभं केलेलं आपलं केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत सापडलं, ते दृश्य शहर विसरलेलं नाही. शाळेच्या हॉलमधल्या छोट्या प्रयोगालाही कापड आगीला दाद न देणारं हवं. 10 लिटर गरम पाण्यात 700 ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) आणि 300 ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून कापड ठोकण्याआधी त्यात पूर्ण भिजवावं आणि न पिळता वाळवावं. हे काम हातमोजे घालून मोठ्यांनीच करायचं, आणि ती बादली पुन्हा स्वयंपाकघरात आणायची नाही. वाळल्यावर एक चिंधी कापून, मोकळ्या जागी, चिमट्यात धरून मेणबत्तीवर न्या. ती काळी पडावी, पण ज्योत बाजूला घेताच विझली पाहिजे. जळत राहिली तर द्रावण कमी पडलंय. कापड पुन्हा धुतलं की हा गुण निघून जातो.

दिव्यांचंही तसंच. 1000 वॉटचा एक हॅलोजन 230 व्होल्टवर सव्वाचार अँपिअरहून जास्त वीज ओढतो. 5 अँपिअरच्या सॉकेटवर एकच, 16 अँपिअरच्या सॉकेटवर तीन, त्यापुढं नाही. एक्स्टेन्शनची रीळ पूर्ण उलगडूनच वापरावी. गुंडाळलेल्या वायरीची उष्णता आतच कोंडते आणि प्रयोगाच्या मध्यात वरचं प्लास्टिक वितळू लागतं.

हाच हात स्काउटिंगमध्ये उपयोगी पडतो. दोन इंची दोन बांबू काटकोनात बांधायला साधारण 4 मीटर दोरी: उभ्या बांबूवर क्लोव्ह हिच (दोरी खांबाला अडकवायची गाठ), तीन घट्ट वेढे, मग दोन बांबूंच्या मधून दोन कसणारे वेढे, शेवटी पुन्हा क्लोव्ह हिच. कसणारे वेढे विसरले तर बांधणी पहिल्या धक्क्याला ढिली होते. बांधणीला सुतळी किंवा काथ्या घ्यावा, नायलॉन गुळगुळीत असल्यानं सरकतो. दोन दोऱ्या जोडायच्या तर सारख्या जाडीच्या दोऱ्यांना रीफ नॉट ही गाठ. एक जाड, एक बारीक असेल तर शीट बेंड, कारण तिथं रीफ नॉट निसटतो. तंबूची सुती दोरी भिजली की आखडते, म्हणून रात्री झोपण्याआधी ताण थोडा सैल करावा, नाहीतर पहाटेच्या दवात खुंट्या उपटून येतात.

स्काउटला मूल पाठवायचं तर पाचवीतच पाठवा. स्काउटचं वय 10 पासून सुरू होतं. प्रवेश, मग प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार, मग राष्ट्रपती पुरस्कार. प्रत्येक पायरीला ठरावीक महिने द्यावेच लागतात. आठवीत नाव घातलेलं मूल दहावीच्या अभ्यासात अडकतं आणि अर्ध्यावर थांबतं. शिबिरं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्यावीत. 7 नोव्हेंबरचा स्काउट-गाइडचा स्थापना दिन आणि 22 फेब्रुवारीचा चिंतन दिन या शिबिरांच्या हंगामाच्या दोन कडा.

प्रवासाचं थोडक्यात. जुलैतली पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंती मोठ्या मुलांना जरूर घडवा, पण वाटेतल्या मसाई पठारावर धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. पुढं एक, मागं एक जाणता आणि मध्ये सगळी मुलं, असंच चालायचं. सॅकवर घातलेलं आवरण पुरत नाही. कपडे आत जाड पिशवीत बांधून भरा आणि एक कोरडा जोड शेवटपर्यंत उघडू नका. नृसिंहवाडी, खिद्रापूर ही नदीकाठची गावं हिवाळ्यासाठी राखून ठेवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. पाणी 39 कडे सरकू लागलं की बाहेरगावचा बेत त्याच दिवशी रद्द करावा. 2019 साली शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता.

आपल्या वृत्तपत्रामार्फत शाळांना आणि स्पर्धा घेणाऱ्या संस्थांना आमची विनंती आहे. बालनाट्याच्या स्पर्धा, स्काउट शिबिरं आणि सहली यांच्या तारखा जूनअखेर एकत्र जाहीर कराव्यात. आज त्या आठ-पंधरा दिवस आधी कळतात आणि शिबिर, प्रयोग, चाचणी परीक्षा एकाच आठवड्यात येऊन पडतात. दुसरं, बालनाट्य स्पर्धांच्या नियमांत मुलांनी स्वतः केलेल्या नेपथ्याला वेगळे गुण असावेत. भाड्यानं आणलेल्या चकचकीत पडद्यापुढं मुलांनी ठोकलेला फ्लॅट दरवर्षी मागं पडतो, आणि पुढच्या वर्षी ती मुलं हातोडी हातात घेत नाहीत. तिसरं, ज्या शाळांकडे रिकामी खोली आहे त्यांनी फ्लॅट उभे ठेवायला 10 फूट बाय 6 फूट जागा द्यावी. उंचीला 9 फूट पुरे, फक्त भिंत कोरडी हवी.

आपले,
काही पालक, स्काउटमास्तर व हौशी नेपथ्यकार
मंगळवार पेठ, कोल्हापूर