थँक्यूभोवती काढलेला गोल

प्रिय ताई,

हे पत्र खरं तर फक्त तुम्हालाच लिहायचं होतं. पण कुमारवयीन वाचकांसाठी लिहिणाऱ्या आणखी कुणाला तुमचं बोलणं उपयोगी पडेल, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

माझ्या कादंबरीचा तिसरा खर्डा तुमच्या हाती दिला तेव्हा मी पार दमले होते. दोन मैत्रिणी. एकीला जादू येते, दुसरीला येत नाही, आणि गोष्ट सांगते ती दुसरी. पाऊस, धुकं, मिटलेल्या खिडक्या. वातावरण छान जमलंय, असं वाचणारे म्हणत होते. कुठेतरी खोटं वाजतंय हे मला जाणवत होतं, पण नेमकं कुठे ते हाती लागत नव्हतं.

प्रिंटआउट परत आली तेव्हा सुरुवातीची पानं जवळजवळ कोरी होती. मग एका समासात पेन्सिलीने, बारीक अक्षरात: "ही तिच्याकडे कधीच काही मागत का नाही?" सहा पानांनंतर, "इथेही नाही." आणि जादू येणारी मैत्रीण हिचा फुटलेला आरसा नुसतं बोट फिरवून सांधते, ही "थँक्यू" म्हणते, तिथे थँक्यूभोवती गोल. शेजारी एकच शब्द: "राग?"

त्या गोलाकडे मी बराच वेळ बघत बसले. राग होताच, मीच तो लिहायला घाबरले होते. जिच्याकडून सतत घ्यावं लागतं तिचा राग येतो आणि राग आला म्हणून स्वतःचीच लाज वाटते. सोळाव्या वर्षी या दोन्ही गोष्टी एकदमच होतात. मी हिला नुसतं समंजस करून ठेवलं होतं. हिला चिडता आलं, हेवा करता आला, तेव्हा कुठे ती जादूवालीही माणसांत आली.

शेवटच्या प्रकरणात मी हिलाही जादू देऊन टाकली होती. त्यावर तुम्ही फोनवर म्हणालात, "द्रोण-द्रुपद आठव." आदिपर्वातला द्रोण जुन्या मित्राकडे जातो आणि द्रुपद म्हणतो, राजाची आणि दरिद्री माणसाची कसली मैत्री? पुढे द्रोण शिष्यांकरवी त्याला पकडून आणवतो, अर्धं राज्य स्वतःकडे ठेवतो आणि म्हणतो, आता आपण बरोबरीचे. "झाली का मग मैत्री?" तुम्ही विचारलंत. कुठली व्हायला! द्रुपदाने द्रोणाला मारणारा मुलगा व्हावा म्हणून यज्ञ केला.

मग तुम्ही मला उर्सुला ले गुइन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' वाचायला दिलीत, १९६८ सालची. त्या जगात ज्याला तुमचं खरं नाव कळलं, त्याची तुमच्यावर सत्ता चालते. व्हेच आणि गेड हे तिथल्या जादूच्या शाळेतले मित्र. व्हेच जादूगार होऊन निघालाय. गेड स्वतःच्या चुकीने खचलेला, मागे पडलेला. आणि निरोप घेताना व्हेच त्याला आपलं खरं नाव सांगून टाकतो. वरचढ असलेला मित्र स्वतःला दुसऱ्याच्या हाती सोपवतो. ते पान वाचून मी पुस्तक मिटलं आणि माझा शेवट नव्याने लिहायला बसले.

आता त्यात ही शेवटपर्यंत साधीच राहते. जादूवाली एका रात्री भिजलेली दारात येते, "आज इथे झोपू?" विचारते. ही दाराला हात लावून जरा वेळ गप्प उभी राहते. इतक्या पानांत पहिल्यांदाच काहीतरी हिच्या हातात आहे.

तुमचं एक मात्र ऐकलं नाही. धुक्याचं सातवं प्रकरण तुम्ही काढायला सांगितलं होतंत, ते मी ठेवलंय. त्यात काहीच घडत नाही हे खरं, पण त्या दोघी फक्त तिथेच एकमेकींशी हिशेब न ठेवता बोलतात. तुम्ही दोन दिवस वाद घातलात, मग "पुस्तक तुझं आहे" म्हणालात आणि त्याच प्रकरणाचं प्रूफ सगळ्यात आधी तपासून पाठवलंत.

ताई, त्याबद्दल फार फार आभार.

तुमची कृतज्ञ