झेनॉनची चाचणी किरणोत्सारी नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या आरोग्य पुरवणीतील ‘फुफ्फुसात सोडणार किरणोत्सारी वायू’ हा सहा रकानी मथळा वाचून राहवले नाही, म्हणून हे पत्र. आपल्या लेखकाने ज्या चाचणीची, म्हणजे झेनॉन वायू श्वासात घेऊन काढायच्या फुफ्फुसांच्या एमआरआयची, वाचकांना धास्ती घातली आहे, तिचे वैशिष्ट्यच मुळी हे की तिच्यात किरणोत्सार औषधालाही नाही. अणुवैद्यक विभागात वापरला जाणारा झेनॉन-१३३ किरणोत्सारी असतो, हे खरे. या एमआरआयसाठी लागतो तो झेनॉन-१२९. तो स्थिर, म्हणजे किरणोत्सार न करणारा, असून निसर्गातल्या झेनॉनमध्ये सुमारे २६ टक्के आढळतो. आडनाव सारखे म्हणून शेजाऱ्याच्या थकबाकीची नोटीस आपल्या दारावर चिकटवावी, तसा हा प्रकार झाला.

माझ्या संतापाला घरगुती कारणही आहे. कोविडनंतर आमच्या सौभाग्यवतींना एका मजल्याचा जिना चढला तरी उंबऱ्याशी टेकावे लागते. एका रुग्णालयात त्यांची पीएफटी, म्हणजे फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजण्याची चाचणी, झाली. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी आणि शेजारी उभा राहून ‘फुंका, फुंका, अजून फुंका, सोडू नका’ असे ओरडणारा तंत्रज्ञ. खोकल्याची उबळ आली तेव्हा त्याने घड्याळाकडे पाहिले. अहवालातले सर्व आकडे मर्यादेत निघाले आणि डॉक्टरांनी मान वर न करता निदान सांगितले, ‘काकू, मनाला फार लावून घेता तुम्ही. रोज थोडं फिरायला जात जा.’ ज्या बाईला चालवत नाही म्हणून ती दवाखान्यात आली, तिला हा सल्ला!

त्या फुंकण्याच्या चाचणीत दोन्ही फुफ्फुसांचा मिळून एकत्रित आकडा येतो. हवा कोणत्या कोपऱ्यात पोचते आणि कोणत्या कोपऱ्यात पोचतच नाही, हे त्यावरून कळत नाही. नेहमीचा एमआरआय प्रामुख्याने पाण्यातल्या हायड्रोजनवर चालतो, आणि फुफ्फुसात बहुतांशी हवाच असल्याने तेथे जवळपास काळोख दिसतो. यावर उपाय म्हणून रुबिडियम या धातूच्या वाफेवर लेसरचा प्रकाश टाकतात, ती वाफ आपले ध्रुवीकरण, म्हणजे एकाच दिशेला वळलेली चुंबकीय फिरकी, झेनॉनच्या अणुकेंद्रांना देते, आणि त्यामुळे एरवी जाणवणारही नाही इतका क्षीण संकेत हजारो पटींनी वाढतो. रुग्णाने पिशवीतला वायू ओढून दहा-पंधरा सेकंद श्वास रोखायचा. वायू पोचला तो भाग उजळ दिसतो, न पोचलेला काळा राहतो, आणि त्या काळ्या भागाची टक्केवारीही काढता येते. १९९४ मध्ये उंदराच्या फुफ्फुसांवर दाखवलेल्या या तंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२२ मध्ये बारा वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी मान्यता दिली. झेनॉन रक्तातही विरघळतो. त्याचाच उपयोग करून ऑक्सफर्ड आणि शेफील्डच्या संशोधकांना कोविडनंतर धाप लागणाऱ्या काही रुग्णांत, सीटी स्कॅन जवळपास निर्दोष असतानाही, फुफ्फुसातून रक्तात वायू जाण्यात अडथळा आढळला.

आमच्या घरीही तेच निघेल, असा माझा दावा नाही, आणि ही सोय आमच्या गावात उद्या होईल अशी आशाही नाही. यंत्राला झेनॉनच्या कंप्रतेवर चालणारी वेगळी सामग्री लागते आणि वायू ध्रुवीकृत करणारे उपकरण जवळ असावे लागते. पण ‘अहवाल नॉर्मल म्हणजे आजार मनाचा’ असे सांगणाऱ्या मंडळींनी निदान ते अभ्यास तरी वाचावेत. उलट, आपला लेख वाचून एखादा रुग्ण अशी चाचणी सुचवली गेली तरी घाबरून नाकारील.

त्याच लेखात हेलियम ‘फुगेवाल्यांमुळे’ महागल्याचेही म्हटले आहे. वाचून करमणूक झाली. अशा चाचणीच्या आरंभीच्या प्रयोगांत झेनॉनऐवजी वापरला गेलेला हेलियम-३ फुग्यांत भरत नाहीत. तो मुख्यतः अण्वस्त्रांसाठी साठवलेल्या ट्रिटियमच्या (हायड्रोजनच्या किरणोत्सारी प्रकाराच्या) क्षयातून मिळतो, आणि अमेरिकेने सीमांवर लपवून आणलेले अण्वस्त्र-साहित्य हुडकणाऱ्या न्यूट्रॉन-शोधक यंत्रांसाठी तो मोठ्या प्रमाणावर वापरल्यावर त्याची टंचाई झाली. बॉम्ब हुडकण्याचा मान आधी, धाप लागलेल्यांचा नंतर!

दुरुस्ती छापाल, याची खात्री आहे. ती नेहमीप्रमाणे शेवटच्या पानावर राशिभविष्याखाली चार ओळींत न देता त्याच पुरवणीत, मथळ्यासह द्यावी, ही विनंती. लेखासोबतचे छायाचित्रही सीटी स्कॅनच्या यंत्राचे होते. तेवढे बदलून घ्यावे.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, मिरज