डोळा झाकला, पण कान उघडा होता

पुणे,
रविवार, ११ जानेवारी २०२६

ती. आई आणि बाबा यांस,
मनीचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका. इथे सगळं ठीक आहे. ईशानचा गुडघाही भरत आला. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर बाबा नुसतं 'हं, हं' करतात आणि आईकडे देतात, आणि आई 'जेवलीस का' विचारून विषयच बदलते. शिवाय बाबांसारख्या पोस्टमास्तरांना हे कागदावरच सांगायला हवं. उद्या सकाळी स्पीड पोस्टने टाकते. रजिस्टर केलं असतं, पण ते गेल्या सप्टेंबरपासून स्पीड पोस्टातच विलीन झालं. त्या वेळी बाबा चार दिवस जगावर रागावून होते, हे आईने मला सांगितलंय.

आधी काय ठरवलंय ते लिहिते, कारणं मागाहून. माजघरातला कॅमेरा मी शुक्रवारी रात्री इथूनच बंद केला. पुढच्या दारावरचा राहणार. मी गुरुवारी रात्री पोचते, आणि शुक्रवारी, १६ तारखेला, सकाळी साडेदहाला बाबांची हृदयाच्या डॉक्टरांकडे वेळ घेतली आहे. ती रद्द होणार नाही. बाबा, 'मला काही झालेलं नाही' हे वाक्य तुम्ही आत्ता म्हणालात, ते मला इथे ऐकू आलं.

ऐकू येण्याचीच गोष्ट आहे.

२०२४ च्या दिवाळीत कॅमेरे बसवले तेव्हा मी म्हटलं, चोऱ्या वाढल्यात. बाबा म्हणाले होते, "चोर काय नेणार, लोणच्याच्या बरण्या?" तुम्हाला तेव्हाच कळलं असणार. चोर नव्हताच डोक्यात. त्या श्रावणात आई न्हाणीघरात घसरली आणि बाबा बाजारातून येईपर्यंत चाळीस मिनिटं तशीच पडून होती. ती चाळीस मिनिटं माझ्या डोक्यातून जात नव्हती. ऑफिसात बसल्या बसल्या मनात हिशोब चालायचा: पुण्याहून निघायचं, कराड, मग कुंभार्ली घाट, म्हणजे सहा तास, आणि पावसात दरड आली तर किती ते देवच जाणे. ही सबब नाही, तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते. दादा तिकडे इतका लांब, त्याला रात्री फोन करून उपयोग काय? राहिले मी. मग तपकीर गल्लीत जाऊन दोन कॅमेरे घेतले.

खोटं नाही सांगत, त्याचं सुख होतं. माजघरात कुणी हललं की माझा मोबाइल वाजायचा. मीटिंगमध्ये टेबलाखाली धरून बघायची. आई भिंतीला टेकून, पाय लांब करून, सुपात तांदूळ निवडतेय. मधेच एक खडा बोटाच्या टोकावर घेऊन उजेडाकडे धरतेय. इतकंच दिसायचं, पण मला तापात तुझ्या मांडीवर डोकं ठेवल्यासारखं वाटायचं. रात्री अंधारात त्याचे ते लाल ठिपके दिसतात, त्याला आईने 'विंचवाचे डोळे' नाव ठेवलं होतं. आणि एकदा मी त्यातूनच "आई, गोळी घेतलीस का?" विचारलं तर तिच्या हातचं दुधाचं पातेलं पडलं. पुढे महिनाभर ती शेजारी सांगत होती, आमची भिंत बोलते. आपण सगळे खूप हसलो. तू मात्र तेव्हापासून भिंतीकडे पाठ करून बसायला लागलीस. ते माझ्या आत्ता लक्षात येतंय.

मग तो पंचा.

निळ्या काठाचा, बाबांचा. गणपती झाल्यापासून संध्याकाळी सातनंतर माझ्या मोबाइलवर नुसतं पांढुरकं दिसायला लागलं. नीट बघितलं तर ताणाबाणा दिसायचा, आणि कडेला निळी रेघ. मी फोन करून रागावले. "वाळत घातला होता," असं उत्तर मिळालं. कॅमेऱ्यावर कोण कपडे वाळत घालतं, बाबा! मी पुन्हा रागावले. तुम्ही काही बोलला नाहीत. पंचा पडतच राहिला.

शुक्रवारी रात्री साडेआठला मी असंच उघडलं. पांढुरकं होतंच. पण बाबा, पंच्याने डोळा झाकतो, कान झाकत नाही. त्यात आवाजाची सोय आहे आणि ती मी पहिल्या दिवसापासून चालू ठेवली होती. तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुमचा आवाज आला, "काल रात्री परत छातीत भरून आलं. दोन मिनिटं. मनीला बोलू नकोस, रात्रीची घाट उतरून येईल ती." मग बराच वेळ भांड्यांचा आवाज. मग आई म्हणाली, "तिला नाही सांगत. पण मला सांगत जा."

तेव्हाच बंद करायला हवं होतं. मी नाही केलं. अकरा मिनिटं ऐकत राहिले. त्यात माझ्याबद्दलही होतं. ते इथे लिहीत नाही, कारण ते माझ्यासाठी नव्हतं.

शनिवारी सकाळी आपले नेहमीचे डॉक्टर "इकडून चाललो होतो" म्हणत आले आणि बाबांचा कार्डिओग्राम काढून गेले ना, ते आपोआप आले नव्हते. मीच पाठवले होते. कार्डिओग्राम बरा आहे म्हणाले, घाबरण्यासारखं आज काही नाही, पण पुढची तपासणी हवीच. हे एक खोटं, तेही कबूल करून टाकते.

माईंचं पाकीट आठवतंय? मी सहावीत होते. तुम्ही घरी आणून ठेवलेलं पाकीट मी चहाच्या किटलीच्या वाफेवर धरलं, डिंक सुटला, आत काय तर मुंबईहून आलेला मुलाचा फोटो आणि चार ओळी. परत चिकटवलं, पण कागदाला लाटा पडल्या होत्या. तुम्ही मारलं नाहीत. जुन्या कायद्याचं पुस्तक काढून माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलंत, १८९८ चा पोस्ट ऑफिस कायदा, कलम ५३: टपाल उघडणाऱ्या नोकराला दोन वर्षांपर्यंत कैद. मी रडत म्हटलं, मी कुठे नोकर आहे? तुम्ही म्हणालात, "मी आहे." आणि दोन दिवस बोलला नाहीत. तो कायदा आता गेला, त्याच्या जागी २०२३ चा आला, पण मला तेच कलम पाठ आहे. शुक्रवारी रात्री झोप येईना तेव्हा तेच आठवत होतं.

मग सवयीप्रमाणे वाचत बसले. ऐका, बाबांना आवडेल हे. कोलकात्यात दोन भाऊ एकाच घरात राहणारे. एकाने राहत्या भागात कॅमेरे लावले, दुसऱ्याला न विचारता. तिथल्या उच्च न्यायालयाने गेल्या वर्षी सांगितलं की घरात राहणाऱ्याच्या संमतीशिवाय हे चालणार नाही, त्याच्या खासगीपणाचा भंग होतो. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, त्यांनी मे महिन्यात ढवळाढवळ करायला नकार दिला. त्यातला भाऊ निदान त्या घरात राहत तरी होता. मी तर सहा तास लांब.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, ते ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते पुट्टस्वामी स्वतः निवृत्त न्यायाधीश. २०१२ मध्ये आधारच्या विरोधात अर्ज केला तेव्हा ते ८६ वर्षांचे होते. म्हणजे आपल्या आजोबांसारखेच, 'वय झालं, आता कशाला' हे वाक्य न शिकलेले.

माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, त्याचे नियम आत्ता नोव्हेंबरमध्ये आले. तो मी आशेने उघडला. त्यात माणसाने स्वतःच्या, घरगुती कामासाठी ठेवलेल्या माहितीला तो लागूच नाही. म्हणजे त्या कायद्यातून मी सुटले. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर कंपनीला आईबापांची संमती घ्यावी लागते. उलट्या बाजूने, मुलीने आईबापांना विचारायचं असतं, हे कुणाला लिहावंसं वाटलं नाही. बाबांनी लिहिलं असतं.

आणि एक गोष्ट आहे जी मला आईसमोरही लिहायला जड जाते. आई पडली त्यानंतर सुमन तिला आंघोळ घालायची, साडी नेसवायची, ती न्हाणीघराच्या दारातच. त्या कॅमेऱ्यात दाराची कड येते. मी ते चित्र कधी ठेवलं नाही, बघितलंही नाही, पण ते कार्डावर आठवडाभर राहतं आणि मग आपोआप पुसलं जातं. आठवडाभर राहतं! माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई नेमकं अशाच चित्रांसाठी आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यात जाणूनबुजून हा शब्द आहे आणि मी जाणूनबुजून केलं नाही, तेव्हा पोलीस येणार नाहीत, आई, तू देवाजवळ दिवा लावू नकोस. पण सुमनला मी एका शब्दाने विचारलं नव्हतं. तिला मी स्वतः सांगणार आहे. तोपर्यंत तू काही बोलू नकोस, नाहीतर ती काम सोडायची आणि मग तुझ्या गुडघ्यांचं काय.

वर माझा शहाणपणा असा की वर्षभर त्या कॅमेऱ्याचा पासवर्ड दुकानातून आला तोच, 'अ‍ॅडमिन', होता. तुमच्या पत्राला मी नुसती वाफ दिली नव्हती, पाकीट उघडं टाकून चौकात ठेवलं होतं. गेल्या वर्षी ९ एप्रिलपासून सरकारी मान्यतेच्या प्रयोगशाळेत तपासलेलेच कॅमेरे विकता येतात. आपले त्याआधीचे. पुढच्या दारासाठी नवा आणतेय.

तो राहू द्या, एवढं माझं ऐका. त्याचा आवाज बंद असेल, आणि तो फक्त आपल्या फाटकाकडे बघेल. आत्ता त्यात बापूंची विहीर येते, त्यांची सून पहाटे पाण्याला येते, तिलाही काय वाटत असेल. पासवर्ड बाबा ठेवतील. मला बघायचं झालं तर मी बाबांकडे मागेन. पोस्टातल्या तिजोरीच्या किल्लीसारखा तुमच्याकडेच राहील, आणि तुम्ही तो कागदावर लिहून दिनदर्शिकेला टाचू नका, ही हात जोडून विनंती.

माजघरात काय, तर घंटी. गळ्यात अडकवायचं एक बटण आहे, बोरमाळेइतकंही जड नाही. दाबलं की बापूंच्या ओटीवर घंटी वाजते. तिला डोळा नाही, कान नाही. बापूंना आणि वहिनींना मी विचारलंय, या वेळी आधी विचारलंय. आई, ते न्हाणीघरात जाताना काढून खुंटीला अडकवायचं नाही. तिथेच तर हवंय. पाणी लागलं तरी चालतं.

न्हाणीघरात दोन पकडायच्या दांड्या बसवायला मंग्या शुक्रवारी दुपारी येईल. चुलीवरचं तापवलेलं पाणी बंद होणार नाही, गिझरची सक्ती नाही, फक्त बादली उचलून नेणं बंद. पाणी सुमन ओतेल. रात्री माजघरात एक मंद दिवा राहील. बाबांच्या झोपेत येणार नाही, मी पिवळाच घेतलाय, पांढरा नाही. सकाळची पेज, मेतकूट, बाबांचा साडेचारचा चहा, यातलं काही कुणी बदलणार नाही. डॉक्टर मीठ कमी करा म्हणाले तर ते बघू, तेव्हाचं तेव्हा.

आता नीट ऐका. बाबांनी गुरुवारपर्यंत जिना चढायचा नाही. माडीवरचे नारळ आहेत तिथे राहू देत. सकाळी उपाशीपोटी गोळी कुठली आणि जेवणानंतरची कुठली, ते आईने एका कागदावर लिहून ठेवावं, डॉक्टरांना दाखवायला. जुने रिपोर्ट पत्र्याच्या ट्रंकेत आहेत, पुरात भिजलेले तेसुद्धा आणायचे. आणि छातीत पुन्हा भरून आलं, दोन मिनिटं असो की अर्धं, तर शुक्रवारची वाट बघायची नाही, मला फोन करत बसायचं नाही, आधी १०८. मग बापू. मग मी. आई, हे तुला सांगतेय, बाबांना नाही.

रागावले वाटलं असेल तर तसं नाही. बाबा, तुम्ही माझ्यापासून लपवलंत ते मला रात्री घाटात यायला लागू नये म्हणून, आणि मी तुमच्यापासून लपवलं ते तरी दुसरं कशासाठी होतं? दिवसाउजेडी येत जाईन, महिन्यातून एकदा, ठरवून. पण दुखलं तर सांगा. आईला सांगता तसं मलाही सांगा.

बुधवारी संक्रांत आहे, माझी वाट न बघता तिळगूळ करून खा. आईचे लाडू कडक होतात ते मला तसेच हवेत. ईशानसाठी डबाभर ठेव.

भिंतीतला खिळा काढू नका. कॅमेरा उतरवला की तिथे पांढरा चौकोन दिसेल, त्यावर नवी दिनदर्शिका लावू. सध्या ती दाराच्या आड आहे आणि बाबांना तिथी बघायला कमरेतून वाकावं लागतं.

तुमची,
मनी

ता.क. पंचा धुऊन ठेव, आई. मी आल्यावर मला तो हवाय.